तोच रस्ता

हा रस्ता नीट पाहा. उन्हात भाजलेली घरं, पडका बाजार, रस्त्यात कोणी नाही. सगळं संगणकावर रचलेलं.

1999 मध्ये अमेरिकी लष्कराच्या पैशातून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात एक संस्था उभी राहिली. पायदळाच्या सरावासाठी तिथे जे काम झालं, त्यातून 2004 मध्ये 'फुल स्पेक्ट्रम वॉरियर' हा गेम बाजारात आला. मुलं घरी बसून याच गल्ल्यांमधून तुकड्या नेऊ लागली.

आणि मग इराकमधून जवान परतले. झोप उडालेले, फटाका वाजला तरी जमिनीवर आडवे पडणारे. मानसशास्त्रज्ञ स्किप रिझो यांनी त्यांच्यावरच्या उपचारासाठी त्याच गेमची चित्रं वापरली. जवान हेडसेट घालतो, म्हणजे आभासी वास्तव (व्हीआर) दाखवणारा, डोळ्यांवर बसणारा पडदा. थेरपिस्ट शेजारी कीबोर्डवर असतो. आधी नुसता रस्ता. जवान बोलू लागला, की हेलिकॉप्टरची घरघर. मग स्फोट, पायाखाली हादरा, नाकात जळक्या रबराचा वास. जेवढं सोसवेल तेवढंच.

या उपचाराबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच तो पुढे करून लष्कर आणि या तंत्रज्ञानाच्या नात्याबद्दलचे प्रश्न गप्प केले जातात, तेव्हा राग येतो.

कारण आभासी वास्तवाच्या या जगात लष्कर पाहुणं म्हणून आलेलं नाही. 1968 मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा पडदा बनवला, त्या कामातही अमेरिकी संरक्षण खात्याचा पैसा होता. मुद्दा संमतीचा आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने सैनिकांसाठी होलोलेन्सवर, म्हणजे समोरच्या दृश्यावर संगणकी चित्रं दाखवणाऱ्या आपल्या चष्म्यावर, आधारित हेडसेट बनवण्याचं 48 कोटी डॉलरचं कंत्राट घेतलं. फेब्रुवारी 2019 मध्ये कर्मचाऱ्यांनीच पत्र लिहून ते रद्द करा म्हटलं. आपलं काम कशासाठी वापरलं जाणार हे इंजिनिअरांना सांगितलंच जात नाही, ही त्यांची तक्रार. हे यंत्र युद्धाला व्हिडिओ गेमचं रूप देईल, ही भीती.

मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी कंत्राट सोडलं नाही. निवडून आलेल्या सरकारांना तंत्रज्ञान नाकारायचं नाही, अशी त्यांची भूमिका. ती पोकळ नाही. पण मतदाराची संमती म्हणजे कोड लिहिणाऱ्याची संमती नव्हे. 2021 मध्ये कंत्राटाचा आकडा दहा वर्षांसाठी 2,188 कोटी डॉलरपर्यंत गेला. 2025 मध्ये ते काम अँडुरिल या संरक्षण कंपनीकडे आलं. तिच्या संस्थापकांपैकी एक पामर लकी, खेळणाऱ्यांसाठी ऑक्युलस हा व्हीआर हेडसेट बनवणारा.

पुन्हा त्या खोलीत जाऊ. जवानाचा श्वास वाढलाय. थेरपिस्ट विचारतो, "थांबायचं?" जवान मान हलवतो, आणि रस्ता विझतो.