परभणीचा दोर, जयगडचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या मराठवाड्याचे जिल्हे आठ, आणि समुद्र एकालाही नाही. आपली गोदावरीसुद्धा पैठण, नांदेड करत पूर्वेकडे निघून जाते. तरी आज बोलायचंय ते शिडाच्या होडीबद्दल. कोकणातल्या हर्णैहून जयगड, तीसेक सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

हिवाळ्यात त्या किनाऱ्याला सकाळी जमिनीवरून मतलई वारा वाहतो. दुपारी तो पडतो आणि वायव्येकडून खारा वारा उठतो. दक्षिणेला निघालेल्या होडीला तो पाठीमागून मिळतो. खारे वारे, मतलई वारे आपण सगळेच फळ्यावर शिकलो. अंगाला लागले किती जणांच्या? शाळेची सहल म्हटली की वेरूळ आणि पाणचक्की, दरवर्षी तेच. मुलांना एकदा कोकणात न्या म्हणून मी सांगत असतो, कोणी ऐकत नाही. असो.

होडीचे मालक आमचे मित्र, नौदलातून निवृत्त झालेले. त्यांनी मुद्दाम अष्टमी निवडली. कोकणातला हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरणार. परत सांगतो, तिथीची पाऊणपट. घरातल्या कॅलेंडरवर तिथी छापलेली असते. आपण तिथे दुधाचे खाडे तेवढे लिहितो.

आणि अनोळखी बंदरात शिरायचं ते चढत्या पाण्यात. होडी रुतलीच तर चढतं पाणी तिला उचलतं. ओहोटीत रुतली, तर बसा तासन् तास तिरके. म्हणून चढत्या पाण्यात.

आता खरी गंमत ऐका. सोबत आमचे दाजी होते. जिंतूरकडचे, जन्म विहिरी खोदण्यात गेलेला. दिवसभर तोंडाला रुमाल लावून पडून होते. पाचच्या सुमारास जयगडचा किल्ला उजव्या हाताला दिसला, होडी शास्त्री नदीच्या मुखात वळली, आणि खोली दाखवणारं यंत्र बंद पडलं. मोठ्या जहाजांच्या वाटेवर खुणेसाठी तरंगते लाल आणि हिरवे बोये असतात. आत जाताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. पण ती वाट जहाजांना मोकळी सोडून आम्हाला कडेनं जायचं होतं, आणि कडेला पाणी किती, कुणास ठाऊक. मित्रानं शीड उतरवलं, इंजिन हळू केलं.

दाजी उठून बसले. "कामून थांबायलेत?"

"पाणी किती ते कळत नाहीये."

"मग दोर द्या की!"

मित्रानं शिशाचा गोळा बांधलेली दोरी काढून दिली. दाजींनी ती दोन्ही हात पसरून छातीवर मापली, दर मापाला चिंधी बांधली आणि पुढच्या टोकाला जाऊन उभे राहिले. दोरी पुढं फेकायची, होडी गोळ्याच्या बरोबर वर पोचली की ताणून वाचायची.

"चार परस!"

मित्र मुंबईचा. "परस म्हणजे?"

"एक माणूस बुडंल एवढं," मी म्हणालो. होडीला लागत होतं दीड मीटर, म्हणजे एक परस पुरेसा.

"तीन! ... अडीच! ... दोन, गाळ हाय!" गोळ्याच्या बुडाला खळगा असतो, त्यात ग्रीस भरलं की तळाची माती चिकटून वर येते. दाजींनी ती बोटांत चोळली, वास घेतला. "वर चिकण, खाली रेती. धरंल."

मित्र माझ्याकडे बघून हसला. नांगराला चिखल, चिकणमाती किंवा रेती लागते. खडकावर तो घसरतो. तिथंच नांगर टाकायचं ठरलं. पण मित्र साखळीमागून दोर सोडतच राहिला, तसे दाजी भडकले. "पाणी दोन परस अन् दोर दहा परस? पैसा वर आलाय का तुमचा?"

खोलीच्या पाचपट तरी सोडावा लागतो, कारण ओढ आडवी पडली तरच नांगर मातीत रुततो. उभी पडली की उपटून निघतो. तेवढ्यात तवसाळच्या फेरीबोटीकडून परतणारा एक होडीवाला ओरडला, "कुठचे? रात्री ओहोटीला होडी उलट फिरेल हो, मागं जागा ठेवा!"

दाजींनी लांब दाव्याच्या बैलासारखा त्या होडीचा फेरा नजरेनं मोजला, शेजारच्या मचव्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नांगर काढा. पन्नास हात तिकडं सरका."

सरकलो. नमस्कार.