सात ते चार, मधले ठिपके

श्रोतेहो, नमस्कार. सहावी ते आठवीच्या मुलांना संगणकशास्त्र कसे शिकवावे, याविषयी आज बोलायचे आहे. एका खेड्यातल्या शाळेत मी काही वर्षे सातवीच्या वर्गाला हा विषय शिकवत होतो. शाळेत 10 संगणक होते, त्यांपैकी 6 चालू, आणि वर्गात मुले 42. संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढून, रांग लावून मुले आत जात. ही चपला काढण्याची पद्धत कोणी पाडली कोण जाणे. देवघरातल्या मूर्तीला हात लावताना बिचकावे तसे मूल कीबोर्डला हात लावताना बिचकू लागते, आणि मला ते कधीच पटलेले नाही. चाचणीतले प्रश्न ठरलेले असत: सीपीयूचे पूर्ण रूप लिहा, इनपुट साधनांची नावे लिहा, माउसची आकृती काढा. मुले गुण मिळवत. मात्र संगणकाला एखादे काम सांगायचे म्हणजे नेमके काय करायचे, असे विचारले असते, तर बहुतेक मुले गप्प बसली असती, आणि त्यात दोष माझाच होता.

अशात एके दिवशी तासाच्या सुरुवातीलाच वीज गेली. आदल्या दिवशी शाळेत पाहुणे येऊन गेले होते, त्यामुळे दाराशी रांगोळीचा डबा तसाच राहिला होता. वर्गातली एक मुलगी, जी गणिताच्या तासाला मान वर करत नसे, ती रांगोळीत मात्र पटाईत होती. मी सगळ्यांना अंगणात नेले, तिला पाठमोरी उभी केले आणि रांगोळी कधीच न काढलेल्या एका मुलाच्या हातात डबा दिला. नियम एकच होता: तिने मागे वळून पाहायचे नाही, आणि त्याने तिच्या तोंडून जे येईल तेवढेच करायचे, स्वतःचे डोके चालवायचे नाही.

ती म्हणाली, "सात ते चार, मधले ठिपके." ज्या घरात दिवाळीला रांगोळी निघते, तेथे याहून अधिक काही सांगावे लागत नाही. पण त्या मुलाने 7 ठिपक्यांची एक ओळ काढली, तिच्याखाली सरळ 4 ठिपके ठेवले आणि तो थांबला. पोरे हसू लागली. ती पाठमोरीच रागावली, "अरे, मधले!" तो म्हणाला, "कशाच्या मधले?"

श्रोतेहो, त्या प्रश्नापाशी आमचा खरा तास सुरू झाला. तिने थोडा विचार केला आणि सूचना फोडली. आधी 7 ठिपक्यांची ओळ काढ. मग तिच्याखाली, दर दोन ठिपक्यांच्या मध्ये एक, असे ठिपके दे. ते 6 होतील. पुन्हा त्याखाली तसेच कर, 4 ठिपक्यांची ओळ होईपर्यंत. त्यानंतर वरच्या बाजूलाही असेच.

आता पाहा, "होईपर्यंत" या एका शब्दात तिने पुनरावृत्तीही सांगितली आणि ती कोठे थांबवायची तेही सांगितले. प्रोग्रॅम लिहिणारा ज्याला लूप म्हणतो, तो हाच. आणि "वरच्या बाजूलाही असेच" म्हणताना एकदा बांधलेली कृती तिने दुसऱ्यांदा वापरली. हे शब्द तिला कोणी शिकवले नव्हते. ते तिच्या घरात होतेच.

पण रांगोळी अजून पुरी व्हायची होती. खालच्या ओळी काढत तो मुलगा उकिडवाच मागे सरकत गेला होता. वरची बाजू काढायची, तर काढलेल्या ठिपक्यांवर पाय पडेल, म्हणून तो शहाण्यासारखा वळसा घालून पलीकडे जाऊन बसला. ती म्हणाली, "आता सातांच्या ओळीच्या वर सहा." तो बसला होता तेथून "वर" म्हणजे आधी काढलेलीच बाजू! त्याने इमानाने ठिपक्यांवर ठिपके टाकायला सुरुवात केली. पोरे ओरडली, "अगं, हा त्याच ठिपक्यांवर परत टाकतोय!" त्याची काही चूक नव्हती, आणि तिचीही नव्हती, दोघांचे "वर" वेगळे होते. मागे उभा असलेला एक अबोल मुलगा म्हणाला, "वर म्हणू नको, शाळेच्या दाराकडे म्हण. मग तो कुठे का बसेना." तिने तसे सांगितले, आणि रांगोळीचा सांगाडा पुरा झाला. चार, पाच, सहा, सात, सहा, पाच, चार. एकूण 37 ठिपके. हल्ली दारात रांगोळीचे स्टिकर चिकटवतात. त्यात ठिपके मोजायला काहीच उरत नाही, असो.

या "वर" आणि "उजवीकडे"च्या घोटाळ्याला संगणकशिक्षणात मोठा मान आहे. 1967 साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. तिच्यात सूचनांप्रमाणे सरकत रेषा काढणारे एक कासव असते; त्याला "उजवीकडे 90 अंश वळ" म्हटले की ते आपल्या नव्हे, स्वतःच्या उजवीकडे वळते. मूल अडले, तर पॅपर्ट त्याला स्वतः कासव होऊन चालून पाहायला सांगत. रांगोळीचेही असेच. 1970 च्या दशकात मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळ अंगणातल्या कोलमच्या, म्हणजे तिकडच्या रांगोळीच्या, रचनांसाठी गणिती व्याकरणे, म्हणजे रचना घडवण्याचे नेमके नियम, मांडली आणि ती संगणकशास्त्राच्या अभ्यासाचा भाग झाली. तेव्हा अंगणात जे घडले, तो वीज नसल्याचा विरंगुळा होता असे कोणी समजू नये.

दोन दिवसांनी वीज टिकली आणि आम्ही तीच कृती लोगोत लिहिली. एका गटाच्या पडद्यावर 29 च ठिपके आले. कारण शोधायला त्यांना अर्धा तास लागला. त्यांनी संगणकाला "4 आले की थांब" असे सांगितले होते, म्हणून 4 ची ओळ काढायच्या आधीच तो थांबला. वर 4 आणि खाली 4 असे 8 ठिपके गेले. "4 काढून थांब" असे म्हणायला हवे होते. मी उत्तर सांगितले नाही, आणि ते न सांगणे त्या तासातले सर्वांत अवघड काम होते.

श्रोत्यांमध्ये शिक्षक असतील, त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो: संगणक अंदाज बांधत नाही. माणूस "मधले" ऐकून समजून घेतो, संगणक घेत नाही. सातवीच्या मुलाला एवढे हातांनी कळले, की पुढची भाषा लोगो असो वा स्क्रॅच, फार फरक पडत नाही. आपल्या देशात शाळांत संगणक नेण्याचा "क्लास" प्रकल्प 1984 साली सुरू झाला, तेव्हा ब्रिटनहून बीबीसी मायक्रो यंत्रे आणली गेली; 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग सुरू करण्यास सांगितले. यंत्रे आली, धोरणे आली. ज्या शाळेत ती पोचायची आहेत, तेथेही अंगण आणि रांगोळी आहेच. पुन्हा सांगतो, संगणक अंदाज बांधत नाही.

ज्या मुलाने डबा धरला होता, त्याने तास संपताना मला विचारले, "सर, सातच्या जागी नऊ सांगितले आणि चारच्या जागी पाच, तर बाकीचे सगळे तसेच ठेवायचे का?" मी म्हणालो, करून बघ. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या दाराशी ठिपके मांडलेले होते, रेषा थोड्या वाकड्या, एका कोपऱ्यात कोणाच्या तरी चपलेचा ठसा. मी मोजले. बरोबर 61 होते.