कोळशावरचे 400 रुपये गेले कुठे?

नमस्कार मंडळी. 2024 सालचं एखादं वीजबिल घरात असेल तर काढा. त्यात कोळशाच्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे साधारण 26 पैसे धुराचे होते. बिलावर तसं कुठेच लिहिलेलं नाही.

हे पैसे आले कुठून? 2010 मध्ये केंद्र सरकारनं कोळशावर टनाला 50 रुपये उपकर लावला. मग 100, मग 200, आणि 2016 मध्ये 400. एका युनिटला आपला कोळसा लागतो जवळपास साडेसहाशे ग्रॅम. करा गुणाकार.

मला हा कर तेव्हाही पटला होता, आजही पटतो. चंद्रपूरचंच बघा. 2920 मेगावॅटचं वीज केंद्र तिथे, वीज जाते राज्यभर. राख, धूर आणि मे महिन्यातलं पंचेचाळीसच्या पुढचं ऊन मात्र तिथल्या माणसानं सोसायचं. हे नुकसान कोळशाच्या भावात धरलेलंच नसतं, म्हणून कोळसा स्वस्त वाटतो. उपकरानं ते थोडंसं भावात आणलं.

पण पैसा? तो राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत जायचा होता. 2010-11 ते 2017-18 मध्ये सुमारे 86 हजार कोटी जमले. निधीत पोचले 30 हजार कोटींहून कमी, आणि प्रकल्पांवर लागले जेमतेम 16 हजार कोटी! 2017 ला जीएसटी आला आणि हा उपकर जीएसटीमुळे राज्यांचा जो महसूल बुडेल, त्याच्या भरपाईकडे वळला. ज्याच्या नावानं घेतला, त्याच्याशी संबंधच तुटला.

सप्टेंबर 2025 मध्ये तो रद्द झाला. त्याच वेळी कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. म्हणजे कर राहिला, पण आता तो किमतीवर लागतो, वजनावर नाही. हलक्या प्रतीचा, जास्त राखेचा कोळसा त्याच युनिटला जास्त जाळावा लागतो; पण तो स्वस्त, म्हणून टनामागे त्याला कर कमी. मला ही दिशा चुकीची वाटते.

आता युरोपकडे बघा. जानेवारी 2026 पासून बाहेरून येणारं पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालावर, तो बनवताना हवेत गेलेल्या कार्बनसाठी, तिथे शुल्क लागू झालंय. मात्र माल जिथे बनला तिथेच कार्बनची किंमत भरली असेल, तर तेवढी वजावट मिळते. आपण घेतली नाही, तर आपल्या पोलादाच्या धुराचे पैसे युरोपच्या तिजोरीत जाणार.

म्हणून हा कर परत यावा, वजनावर नाही तर थेट कार्बनवर. पण बिलावर त्याची वेगळी ओळ हवी, आणि त्यातला ठरलेला वाटा चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांकडे जायला हवा. कॅनडात लोकांच्या खात्यात दर तीन महिन्यांनी पैसे परत येत होते, तरी पेट्रोल पंपावरचा आकडाच लोकांच्या लक्षात राहिला आणि एप्रिल 2025 मध्ये ग्राहकांवरचा कार्बन कर उठला. परत आलेला पैसासुद्धा दिसावा लागतो. आपला तर परतही आला नव्हता.