घरघर थांबली तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. नागपूरकराला मारबत काय ते सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे रोगराईचे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघते, सोबत बडगे नावाचे पुतळे निघतात आणि सगळी इतवारी ओरडते, ‘खासी-खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. एवढी वर्षं आपण दरसाल खोकला गावाबाहेर नेऊन जाळतो, आणि दिवाळीच्या आत तो परत घरी आलेला असतो.

आजचा विषय आहे छातीतल्या आवाजाचं चित्र. हो, आवाजाचं चित्र, बरोबर ऐकलंत. पण त्याआधी मारबतीच्याच दिवसाची एक गोष्ट. ही गोष्ट मी संधी मिळेल तिथे सांगतो. घरचे आता ती सुरू झाली की उठून जातात. तुम्ही रेडिओ बंद करू नका म्हणजे झालं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नुकताच डॉक्टर झालो होतो आणि जुन्या नागपुरातल्या एका दवाखान्यात ड्युटीवर होतो. मिरवणुकीमुळे रस्ते बंद. दुपारी दोघं भाऊ तिसऱ्याला ठेल्यावर बसवून ढकलत घेऊन आले. धान्यबाजारात हमाली करणारा गडी, पस्तिशीचा, लहानपणापासूनचा दमेकरी. गुडघ्यांवर हात रोवून, पुढे वाकून बसलेला. मागून त्याची म्हातारी आई धावत आली, पण चेहऱ्यावर काळजी नाही. म्हणाली, ‘सकाळपासून छाती अशी वाजत होती जी, शेजारच्या घरात ऐकू जात होती. आता मारबत गेली अन् घरघर बंद झाली. नेली बाप्पा तिनं!’

मलाही हायसं वाटलं. स्टेथोस्कोप लावला. काही ऐकू येईना. बाहेर ढोल-ताशे, संदल, आरडाओरडा. म्हटलं, या गोंगाटात काय ऐकू येणार? (तेव्हा निदान ढोल होते. आताच्या डीजेत छातीच काय, घराच्या भिंती वाजतात. असो.) खिडकी लावून घेतली, पुन्हा नळी लावली. उजवीकडे काही नाही. डावीकडे काही नाही. त्याला म्हटलं, नाव सांगा. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तोंडातून एक अक्षर निघेना.

तेवढ्यात आमच्या मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी नळी लावली नाही, काही विचारलं नाही. त्याच्या गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता तो पाहिला, निळसर नखं पाहिली, आणि ऑक्सिजनची नळी ओढता ओढताच म्हणाल्या, ‘डॉक्टर, छाती वाजत नाही म्हणजे हवाच जात नाहीये.’

मग पळापळ. ॲड्रेनालिन, शिरेतून हळूहळू अमिनोफायलिन, स्टेरॉइडचं इंजेक्शन. अर्ध्या तासाने नळीतून एक बारीक शिट्टी ऐकू आली, दूर कुठे किटली उकळावी तशी. मग दुसरी. मग सगळी छातीच पेटीसारखी वाजू लागली. तिकडे त्या माउलीने कपाळावर हात मारून घेतला, ‘पुन्हा सुरू झालं की जी!’ आणि इकडे मी आनंदाने हसतोय. तिला वाटलं असेल, पोराचा जीव चालला अन् हा डॉक्टर येडा झाला. तो गडी पुढे कित्येक वर्षं तपासायला यायचा. मी नळी लावली की विचारायचा, ‘वाजते का जी?’ मी म्हणायचो, ‘वाजते.’ मग बिचारा खूश.

तर श्रोतेहो, लक्षात ठेवा. हवा वाहते म्हणून आवाज येतो. नळी अरुंद झाली की शिट्टी वाजते. पण हवाच वाहिली नाही तर आवाजच नाही. दम्याच्या झटक्यात धाप तशीच आहे, बोलवत नाही, आणि घरघर मात्र थांबली, तर थांबू नका. तसेच दवाखान्यात न्या.

१८१६ मध्ये पॅरिसला रेने लेनेक या डॉक्टरने कागदाची गुंडाळी छातीला लावली, तिथून स्टेथोस्कोप आला. लेनेक बासरी वाजवायचा, म्हणजे नळीतल्या हवेशी त्याचं जुनं नातं. पण कानाची अडचण अशी की एका वेळी एकच जागा ऐकू येते, आणि ऐकलेलं पुढच्या महिन्यात ताडून पाहता येत नाही. आवाजाचं चित्र काढणारं यंत्र हीच अडचण दूर करतं. पाठीवर दोन्ही बाजूंना मिळून चाळीसेक बारीक सेन्सर चिकटवतात. पेशंटने दहा-बारा सेकंद साधा श्वास घ्यायचा. सेन्सर पाठीची थरथर टिपतात आणि पडद्यावर दोन्ही फुप्फुसं हलत्या चित्रात दिसतात: थरथर जास्त तिथे गडद, कमी तिथे फिकट. सुई नाही, एक्स-रेचे किरण नाहीत.

निरोगी माणसात दोन्ही बाजू एकदम गडद होतात, एकदम विरतात. दम्यात ताल चुकतो, एक बाजू पुढे, दुसरी मागे. श्वासनळ्या उघडणारा औषधाचा पंप दिल्यावर ताल सुधारला तर तेही दिसतं. सीओपीडीत, म्हणजे बिडीने किंवा चुलीच्या धुराने वर्षानुवर्षं झिजलेल्या छातीत, चित्र फिकट आणि ठिगळाठिगळांचं दिसतं. आणि बायांनो, सीओपीडी व्हायला बिडीच ओढावी लागते असं नाही. तीस वर्षं फुंकणीने चूल पेटवली असेल तरी पुरे.

पण हे चित्र म्हणजे निदान नव्हे. निदानाला आजही फुंकायची तपासणीच लागते, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा पंपानंतर १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरने वाढली, तर बोट दम्याकडे जातं. पंपानंतरही ती एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमीच भरली, तर सीओपीडीकडे. ज्याला जोरात फुंकताच येत नाही, अशा म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत चित्राची मदत होऊ शकते, कारण तिथे नुसता श्वास घ्यायचा असतो.

पंपाची सवय लागते, असं सांगणारी एक मावशी प्रत्येक घरात असते. तिला चहा द्या, सल्ला घेऊ नका.

फुंकायच्या तपासणीला जाताना पोटभर जेवून जाऊ नका, छाती आवळणारे कपडे नकोत, आणि सकाळचा पंप घ्यायचा की नाही ते आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून घ्या. घ्यायचा नसला तरी पंप खिशात असू द्या.