सायकलला स्टँड नाही

राम राम मंडळी. आज मी तुमच्याशी रस्त्यांबद्दल बोलणार आहे, आणि तेही खराब रस्त्यांबद्दल, म्हणजे तक्रार करायला नाही हं, तक्रारी आपण रोज करतोच.

मी धुळ्याचा. गेली तीन वर्षं मी ग्रॅव्हल बाईक चालवतो. आता ही काय भानगड, तर दिसायला रेसच्या सायकलसारखी, हँडल खाली वळलेलं, पण टायर जाड, चाळीस मिलिमीटरच्या आसपास, डिस्क ब्रेक, आणि चढाला पाय फिरत राहील असे हलके गिअर. डांबरावर बऱ्यापैकी पळते आणि डांबर संपलं की थांबत नाही. मुरूम, खडी, शिवरस्ता, पाटाच्या कडेची वाट, सगळीकडे जाते. आपल्या साक्री तालुक्यात डांबर संपायला फार लांब जावं लागत नाही ते तुम्हाला माहितीच आहे.

माझा आवडता फेरा म्हणजे पिंपळनेरहून शेलबारीचा घाट चढायचा, पलीकडे ताहाराबादला मोसम नदीच्या खोऱ्यात उतरायचं, आणि मग मोठा रस्ता सोडून शेतांच्या मधे घुसायचं. पलीकडचा भाग बागलाण, जिल्हा नाशिक, पण बोली तीच आपली अहिराणी, त्यामुळे मला काही परक्या मुलखात गेल्यासारखं वाटत नाही. डोंगर उतरताना मांगी-तुंगीचे दोन सुळके दिसतात, हवा स्वच्छ असली तर पश्चिमेला साल्हेरही, 1567 मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. आणि खाली द्राक्षाचे मांडव.

इथली द्राक्षं अर्ली, म्हणजे हंगामाआधी येणारी. नाशिकच्या बाकीच्या भागात फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, इथे जुलै-ऑगस्टमधेच कात्री लागते, भर पावसात, म्हणजे डाऊनी या बुरशीच्या रोगाला आमंत्रणच, फवारणी करून करून माणूस थकतो. पण डिसेंबरात बाजारात दुसऱ्यांचा माल नसतो तेव्हा यांचा असतो, त्या भावासाठी सगळा जुगार. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी आला की मण्यात साखर भरायला लागलेली असते, मणी तडकतो, आणि वर्षाचा पैसा दोन दिवसात जमिनीवर. मोटारसायकलवरून जाताना बाग म्हणजे नुसती हिरवी भिंत दिसते. सायकलवर कोण थिनिंग, म्हणजे घडातले मणी विरळ करतंय, कोणाच्या बागेवर नेट टाकलंय, कुठे टोळी घड काढून कॅरेट भरतेय, आणि कुठे मालक नुसताच बांधावर बसलाय, सगळं दिसतं. वासावरूनही कळतं हो, फवारणीचा ब्लोअर चालू असेल तर मी दोन बागा आधीच तोंडाला रुमाल बांधतो आणि थांबतो, ते औषध आहे, मजा नाही. आणि घडाला हात लावायचा नाही, एक मणीसुद्धा नाही. मागितलं तर ओंजळभर देतात, न मागता तोडलं तर त्या गावात परत कुठल्या तोंडाने जाणार?

आता जरा लांबची गोष्ट. इटलीत तोस्काना म्हणून भाग आहे, तिथेही असेच डोंगर आणि द्राक्षाच्या बागा, आणि बागांच्या मधून पांढऱ्या चुनखडीचे कच्चे रस्ते. ते एकेक करून डांबराखाली जायला लागले तेव्हा काही लोकांनी 1997 साली गायोले नावाच्या गावातून लेरोइका नावाची सायकल फेरी सुरू केली, जुन्या सायकली घेऊन, आज नियम असा की रेसची सायकल 1987 च्या आधीची पाहिजे. उद्देश हाच की हे रस्ते राहावेत. पुढे 2007 पासून तिथे व्यावसायिक रेस पण सुरू झाली आणि कच्चा रस्ता ही तिथली शान झाली. पहिली जागतिक ग्रॅव्हल स्पर्धा 2022 मधे झाली ती पण इटलीतच, व्हेनेतो भागात. हे सगळं वाचून मी एकदम भारावून गेलो होतो. म्हटलं आपल्याकडे तर फुकट पडलेत असे रस्ते, कोणाला किंमतच नाही.

फरक एवढाच की त्यांची खडी पांढरी, आपली काळी. आपली बेसॉल्ट, क्रशरची ताजी असली तर तिची धार टायरची बाजू कापते. मुरूम म्हणजे तोच दगड झिजून कुजून मऊ झालेला, त्याच्यावर चाक मस्त बसतं, उन्हाळ्यात मात्र ट्रॅक्टरने त्याला पत्र्यासारख्या लाटा पडतात आणि दातावर दात आपटतात. आणि काळ्या मातीत पावसाचं जायचंच नाही, दहा पावलांत चाक आणि फ्रेमच्या मधे एवढा चिखल भरतो की सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. मी गेलोय, म्हणून सांगतो.

पांझरेच्या बाजूला पाटाच्या कडेच्या वाटा पण भारी आहेत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकरी देणार, ही फडपद्धत पांझरा आणि मोसम दोन्ही नद्यांवर शेकडो वर्षांची. द्राक्षाला आता ड्रिप आहे, पाटाची वाट कोण बघतो, पण वाट आहे आणि तिला चढ जवळजवळ नाहीच, पाणी जसं वाहतं तशीच ती जाते.

बरं, फजिती. ट्यूबलेस टायरमधे एक पातळ चीक भरलेला असतो, सीलंट म्हणतात, काटा घुसला की तो भोक बुजवतो. आपल्याकडे सराटे आणि बाभूळ, त्यामुळे याच्याशिवाय पर्यायच नाही. पण खानदेशच्या उन्हात तो चीक दोन-तीन महिन्यात वाळतो, आणि मी सहा महिने टायर उघडलंच नव्हतं. मागच्या डिसेंबरात मुल्हेरच्या अलीकडे मागचं चाक एकदम खाली. पिशवीतली ट्यूब टाकली, हवा भरली, पन्नास मीटरवर परत खाली, कारण टायरच्या आतून हात फिरवून काटे काढायचेच विसरलो. मोजले नंतर, नऊ होते. मग बसलो बांधावर. एक आप्पा आले, सायकलभोवती एक चक्कर मारली, किंमत विचारली, मी जरा कमी करूनच सांगितली, तरी म्हणाले, "इतली महागडी सायकल, नी तिले स्टँड बी नही?"

याला मंडळी माझ्याकडे आजही उत्तर नाही.

त्यांच्या पोराची पिकअप माल घेऊन निघाली होती, कॅरेटच्या वर सायकल आडवी बांधली आणि मी पुढे बसलो. गाडी अगदी बैलगाडीसारखी हळू. मी आपला सांगायला लागलो, तोस्काना, पांढरे रस्ते, रस्ते वाचवले पाहिजेत वगैरे. पोराने ऐकून घेतलं. मग एका खड्ड्यात गाडी हलली, मागे कॅरेट वाजली, आणि तो म्हणाला, "तुमले मजा वाटस भाऊ, आमना माल पडस." हिसक्याने मणी देठापासून सुटतात. सुटलेला मणी भावात धरत नाहीत. आणि वाऱ्यात रस्त्याची धूळ उडून कडेच्या दोन ओळींच्या घडावर बसते, ती धुता येत नाही, कारण मण्यावरचा पांढरा मेणासारखा थर गेला की माल शिळा दिसतो. दोन किलोमीटरचा रस्ता, आणि त्याचा हिशोब त्याला तोंडपाठ होता. मी तोस्काना बंद केलं.

त्यांच्या घरी कळण्याची भाकरी, भरीत आणि ठेचा जेवलो. पंक्चरवाल्याने ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा आतून चिकटवून दिला, तो अजून टिकून आहे. निघताना आप्पांनी अंगणातली एक काठी सायकलच्या पेडलखाली लावून दाखवली, हा घ्या स्टँड.

परवा त्या पोराचा फोन आला. "रस्ता मंजूर व्हयना भाऊ, खडी पडी गई." खूप खुश होता, मी पण मनापासून अभिनंदन केलं, खोटं नाही. फोन ठेवला आणि टायरमधे नवीन चीक भरला. या रविवारी सकाळी सहाला पिंपळनेरहून निघतोय, डांबर पडायच्या आधी एकदा. यायचं असेल तर या, साधी गिअरची सायकल असली तरी चालेल, टायर जाड पाहिजे, दोन ट्यूब, पाणी, आणि काठी माझ्याकडे आहे.