पत्ता पोर्टचा की राउटरचा?

नव्या सिस्को राउटरवर केबल लावली, आयपी पत्ता दिला, तरी दिवा लागत नाही. कारण साधं आहे: राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात, ‘नो शटडाउन’ ही कमांड दिल्याशिवाय जागे होत नाहीत. स्विचचं याच्या उलट. म्हणून केबल बदलण्याआधी ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ बघा. स्टेटसच्या रकान्यात ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ दिसलं तर पोर्ट आपणच बंद ठेवलंय. स्टेटस आणि प्रोटोकॉल दोन्ही नुसते ‘डाउन’ असतील तर वायर आणि पलीकडचं यंत्र तपासा. स्टेटस ‘अप’, प्रोटोकॉल ‘डाउन’ असेल तर वायर ठीक आहे, पण दोन टोकांचं जुळत नाहीये. सीरियल लिंकच्या (दोन राउटरांना थेट जोडणाऱ्या वाटेच्या) एका टोकाला एचडीएलसी आणि दुसऱ्याला पीपीपी असे वेगळे प्रोटोकॉल असले की हेच होतं.

भौतिक पोर्टचं एवढं पुरे. आता समजा, राउटरवर एकच पोर्ट मोकळं आहे आणि स्विचवर तीन व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी ठेवलेली नेटवर्कं). मग त्याच पोर्टवर तीन सब-इंटरफेस, म्हणजे कॉन्फिगरेशनने पाडलेले पोर्टचे भाग, करायचे: गिगाबिट ०/०.१०, ०/०.२०, ०/०.३०. टिंबानंतरचा आकडा आपल्या सोयीचा. व्हीलॅन ठरते ‘एनकॅप्सुलेशन डॉट-वन-क्यू १०’ या ओळीने. ही ओळ आधी द्या, नाहीतर आयओएस (सिस्को राउटर चालवणारी प्रणाली) पत्ता घेतच नाही. मूळ पोर्टला पत्ता लागत नाही, ‘नो शटडाउन’ मात्र लागतंच. स्विचच्या बाजूला ट्रंक (अनेक व्हीलॅन एकत्र नेणारी जोडणी) हवा, हेही मुलं हटकून विसरतात.

पण माझ्या मते सगळ्यात कमी किंमत मिळते ती लूपबॅकला, म्हणजे राउटरच्या आतल्या काल्पनिक इंटरफेसला. वायर नाही, दिवा नाही, म्हणून परीक्षेपुरता वाचून सोडून देतात. आता दोन राउटरांमध्ये दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि बीजीपीचा (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्या प्रोटोकॉलचा) शेजार, म्हणजे दोघांमधलं सेशन, तुम्ही एका पोर्टच्या पत्त्यावर बांधलाय. ते पोर्ट पडलं की सेशन तुटतं. दुसरी वाट मोकळी असून उपयोग शून्य. तोच शेजार लूपबॅकच्या पत्त्यावर बांधा. ओएसपीएफ (नेटवर्कच्या आत वाट ठरवणारा प्रोटोकॉल) दुसरी वाट शोधतो आणि सेशन टिकतं. त्यासाठी लूपबॅकचा पत्ता ओएसपीएफमध्ये जाहीर झालेला हवा आणि सेशन याच पत्त्यावरून चालावं म्हणून दोन्ही टोकांना ‘अपडेट-सोर्स लूपबॅक ०’ हवं. या पत्त्याला /३२ मास्क, म्हणजे फक्त एकाच पत्त्याचा, पुरतो.

ओएसपीएफचा राउटर-आयडीही (राउटरची ओळख), हाताने दिला नसेल तर, सगळ्यात मोठ्या लूपबॅक पत्त्यावरून ठरतो; लूपबॅक नसेल तरच पोर्टांकडे बघितलं जातं. ही निवड प्रोसेस सुरू होताना होते. नंतर लूपबॅक जोडून ‘आयडी बदलत का नाही’ म्हणून डोकं धरून बसू नका. मी तर सरळ ‘राउटर-आयडी’ लिहूनच देतो.

पोर्ट वेगळं आणि पत्ता वेगळा, हा भेद ज्युनिपरवाल्यांनी (सिस्कोसारखीच राउटर बनवणारी कंपनी) रचनेतच पक्का केलाय. ‘जीई-०/०/०’ हे पोर्ट. वेग वगैरे त्याच्या नावावर. आयपी पत्ता मात्र आतल्या ‘युनिट’मध्ये, ‘फॅमिली आयनेट’खाली. व्हीलॅन नसली तरी ‘युनिट ०’ लिहावंच लागतं. सुरुवातीला जाच वाटतो, पण मला हीच शिस्त आवडते.

एक राहिलं. ज्या इंटरफेसमधून तुम्ही दुरून राउटरवर शिरलात, त्याचंच कॉन्फिगरेशन बदलायचं असेल तर ज्युनिपरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ द्या. १० मिनिटांत पुन्हा ‘कमिट’ केलं नाही तर जुनं कॉन्फिगरेशन आपोआप परत येतं. सिस्कोवर आधी ‘रीलोड इन १०’ द्या आणि बदल सेव्ह करू नका; अडकलात तर १० मिनिटांनी राउटर पुन्हा सुरू होऊन जुनंच कॉन्फिगरेशन घेतो. सगळं जमलं की ‘रीलोड कॅन्सल’ आठवणीने, नाहीतर चालतं नेटवर्क तुम्हीच पाडाल.