जुना वस्तरा घेताना आधी ठसा वाचा

नमस्कार मंडळी.

(वस्तरा मिटलेल्या स्थितीत कॅमेऱ्यासमोर धरून)

हा वस्तरा मला एका जुन्या धोकटीत मिळाला. धोकटी म्हणजे नाभिकाची हत्यारांची कातडी पिशवी. आत एक कात्री होती, नखं काढायची नराणी होती, धार परजायची, वाळून कडक झालेली कातडी पट्टी म्हणजे चामोटी होती आणि तळाशी हा. वरून नुसता गंज दिसत होता. घरी आणून तेलाचा बोळा फिरवला आणि पात्याच्या बुडाशी अक्षरं उमटली. एक चांदणी, तिच्या शेजारी माल्टीज क्रॉस, खाली ‘जोसेफ रॉजर्स अँड सन्स’, आणि त्याखाली इंग्लंडमधला पत्ता: नॉरफोक स्ट्रीट, शेफिल्ड. पात्यावरच्या बनवणाऱ्याच्या या खुणेलाच ठसा म्हणतात. त्या दिवसापासून मी वस्तरे जमवतोय.

तुम्हालाही जमवायचे असतील तर मी एकच गोष्ट परत परत सांगणार आहे. आधी पोलाद बघा, ठसा वाचा, आणि मूठ सगळ्यात शेवटी बघा. बाजारात नेमकं उलटं चालतं. सुंदर मूठ दिसली की आपण हरखतो. पण मूठ बदलता येते, पात्याला मात्र दुसरा जन्म नाही.

आता जुन्या वस्तऱ्यांत शेफिल्डचं एवढं नाव का? १७४० च्या दशकात त्या भागात बेंजामिन हंट्समन नावाचा घड्याळजी होता. घड्याळाच्या स्प्रिंगसाठी त्याला एकसारखं पोलाद हवं होतं. त्याने मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवून ओतायची पद्धत बसवली. तोवरच्या पोलादात कुठे कठीण तर कुठे मऊ असा भेद राहायचा. वस्तऱ्याच्या धारेला हा भेद चालतच नाही, कारण ती धार केसाहून कितीतरी बारीक असते. म्हणून शेफिल्डच्या जुन्या वस्तऱ्यांवर ‘कास्ट स्टील’, म्हणजे ओतीव पोलाद, असं अभिमानाने कोरलेलं दिसतं. ते दिसलं की थांबा आणि नीट बघा.

(पातं उघडून, आडवं धरून)

या पात्याचा छेद बघा, जाड पाचरीसारखा आहे. हा जुना घाट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या झोलिंगनच्या कारागिरांनी पात्याच्या दोन्ही गालांना सहाणेच्या चाकावर आत खोल घासण्यात कमाल केली. त्यांचं पातं इतकं पातळ होतं की नखाने हलकं टिचकावलं तर तारेसारखं वाजतं. वस्तरा विकत घेताना हा आवाज कान देऊन ऐका. तो स्वच्छ असायला हवा. भद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक तडा असू शकतो. मग पातं उजेडाकडे धरून धार इंच-इंच तपासायची. तडा गेलेला वस्तरा मी कितीही स्वस्त असला तरी घेत नाही.

तारखेबद्दल मला खूप विचारणा होते. ठशावर राजा-राणीची अक्षरं असतील तर काम सोपं. डब्ल्यू.आर. म्हणजे चौथा विल्यम, १८३० ते १८३७. व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. दुसरी खूण म्हणजे देशाचं नाव. अमेरिकेने १८९० मध्ये आयात-कराचा मॅकिन्ले कायदा केला आणि १८९१ पासून तिथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं झालं. म्हणून ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असं कोरलेलं असेल तर वस्तरा बहुधा त्यानंतरचा. पण उलटं गणित मांडू नका. कायदा अमेरिकेचा होता. आपल्याकडे सापडलेल्या वस्तऱ्यावर देशाचं नाव नाही, एवढ्यावरून तो १८९१ च्या आधीचा ठरत नाही. माझ्या या रॉजर्सवरही देशाचं नाव नाही, आणि तेवढ्यावर मी त्याचं वय सांगणार नाही.

आता पाठ. वस्तरा निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, ठेवला की धार आणि पाठ दोन्ही दगडाला टेकतात. धारेचा कोन पाठीच्या जाडीनेच ठरतो, त्यामुळे धार झिजते तशी पाठही झिजते. पाठीवर दोन्ही बाजूंना अरुंद, सारखी चकाकती पट्टी असेल तर कुणीतरी हा वस्तरा जाणत्या हाताने वापरलाय. पट्टी फार रुंद असेल, किंवा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक, तर आयुष्य संपत आलंय. धार बाहेर किंचित कमानदार असेल तर हरकत नाही. मध्ये खोलगट झाली असेल तर सोडून द्या.

पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात, ५/८, ६/८ अशी. सुरुवातीला तेवढं पुरे.

(दोन वस्तरे पुढे ठेवत)

आता माझं झालेलं नुकसान सांगतो, कारण यावर कुणी मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी एक सुंदर पिवळसर मुठीचा वस्तरा घेतला आणि डब्यात बाकीच्यांसोबत ठेवला. मूठ सेल्युलॉइडची होती. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लधर्मी वाफा सुटतात आणि त्या शेजारचं पोलाद खातात. एका पावसाळ्यानंतर डबा उघडला तर शेजारच्या दोन पात्यांवर खड्डे पडले होते. मुठीला चिरा, चिकटपणा किंवा कापरासारखा वास जाणवला तर तो वस्तरा वेगळा, हवेशीर ठेवा. सेल्युलॉइड पेटही घेतं, त्यामुळे शेगडी-मेणबत्तीपासून लांब.

मुठीबद्दल आणखी एक, आणि हे गंभीरपणे घ्या. हस्तिदंत किंवा समुद्री कासवाच्या कवचाची मूठ विकत घेऊ नका आणि विकूही नका. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि वस्तू जुनी असली म्हणून हा व्यापार माफ होत नाही. म्हशीच्या शिंगाची मूठ घ्या. सुरेख दिसते. फक्त तिला कीड लागते, म्हणून अधूनमधून तपासा.

आता माझ्या मनाला सगळ्यात लागणारी गोष्ट. दुकानात आरशासारखा चमकणारा जुना वस्तरा दिसला की मला वाईट वाटतं. पॉलिशच्या चाकावर ठसा पुसट होतो. चाकाची उष्णता पातळ धारेत शिरली तर पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे ते मऊ पडतं, आणि मग कितीही निसा, धार टिकत नाही. शंभर वर्षं टिकलेली वस्तू दहा मिनिटांत मरते. म्हणून सैल गंज तेलाने भिजवून, मऊ कापडाने, हाताने काढा. काळसर डाग राहू द्या. ठशावर काहीही घासू नका.

पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात फिराल तेव्हा खिशात एक भिंग आणि एक तेलाचा बोळा ठेवा. विकणाऱ्याला विचारून बोळा फिरवायचा, ठसा वाचायचा, मग पाठ, मग धार, मग पातं आणि मूठ जोडणाऱ्या खिळीभोवतीचा गंज. तिथे ओल साठते आणि मूठ मिटलेली असताना दिसत नाही, म्हणून पातं पूर्ण उघडून बघा.

आणि ठेवताना कातडी म्यानात नको. कातडं ओल धरतं. कोकणात, मुंबईत राहत असाल तर पात्यावर खनिज तेलाचा पातळ हात फिरवून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह वेगवेगळ्या कापडात गुंडाळा आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी उघडून बघा.

(रॉजर्स पुन्हा उचलत)

याची मूठ अर्धी तुटलेली होती. नवीन शिंगाची मूठ बसवायला अजून हात घातलेला नाही, कारण या मुठीवर आतल्या बाजूने कुणीतरी सुईने एक लहानशी खूण कोरली आहे. बहुधा धोकटीच्या मालकाची. पुढच्या वेळी भिंगाखाली ती खूण तुम्हाला जवळून दाखवतो.